दोष कुणाच्या माहेरचा?

विशीतल्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाल्याचं निदान झालं, की नातेवाईक आधी त्याच्या आईची उलटतपासणी घेतात. "तुमच्या माहेरी कुणाला होतं का?" पाठोपाठ, "लाडावून ठेवलात." एकीकडे तिचं रक्त वाईट, दुसरीकडे तिचं वळण वाईट. एकेकाळी तज्ज्ञही हेच करत. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ साली आईच्या वागण्यातूनच हा आजार उपजतो असं मांडलं आणि पुढची कित्येक वर्षं असंख्य आया त्या ठपक्याखाली जगल्या.

तो ठपका खोटा ठरवणारा पुरावा १९६६ पासून आपल्यासमोर आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, मनोरुग्णालयांत दाखल असलेल्या, स्किझोफ्रेनिया झालेल्या बायकांच्या ४७ मुलांचा माग लिओनार्ड हेस्टन यांनी काढला. जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत ही मुलं आईपासून दूर गेली होती. ती दुसऱ्यांच्या घरी, अनाथालयांत वाढली. त्यांतल्या पाच जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. आईपासून तशीच दुरावलेली, पण आईला हा आजार नसलेली ५० मुलं तुलनेला घेतली होती. त्यांत एकालाही झाला नाही. आईने ज्यांना वाढवलंच नाही, त्यांनाही आजार झाला. मग तिच्या वळणाला बोल कसला लावता?

पण उरलेल्या ४२ जणांना स्किझोफ्रेनिया झाला नाही, हे कुणी सांगत नाही. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार असला, तरी दुसरा निम्म्याहून अधिक वेळा त्यातून सुटतो. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा जनुकसंचात सापडल्या. बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ, आणि त्यांतले बरेचसे फेरफार तुमच्या-माझ्यातही असतात. त्यातला सी-४ हा जनुक मुळात रोगप्रतिकाराच्या कामाचा. किशोरवयात मेंदूतले पेशींचे नको असलेले जोड छाटले जातात, त्यातही त्याचा हात दिसतो. तो जास्त सक्रिय असला तर छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं २०१६ चं संशोधन सुचवतं. आजार ऐन उमेदीत का उद्भवतो, याचं आजवरचं सर्वांत पटणारं उत्तर मला हेच वाटतं.

आपल्याकडे मात्र 'आनुवंशिक' एवढाच शब्द कानावर पडतो आणि त्या मुलाच्या धडधाकट बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडतं. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात नऊ. म्हणजे शंभरातल्या एक्क्याण्णव बहिणींना तो होत नाही. निदान सांगताना डॉक्टरांनी हा आकडा आईवडिलांना आणि भावंडांना समोर बसवून, न विचारता सांगायला हवा. गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागतो तेवढाच वेळ त्याला पुरेल.