शिरोरेषा कुठे तुटली? भंगारात चाललेला मराठीचा पुरावा

१/ पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कचेऱ्यांतून बाद झालेले जुने संगणक अखेर भंगारात जातात. तेथे गोदामात पडलेल्या सर्किट बोर्डाला किंमत असते ती वजनाची. मराठी पडद्यावर कशी आली, याचा अस्सल पुरावा मात्र अशाच बोर्डांवर आहे.

२/ १९८१ च्या आयबीएम पीसीचे एकरंगी डिस्प्ले कार्ड पाहा. प्रत्येक अक्षराला ९ ठिपके रुंद, १४ ठिपके उंच असे घर. रॉममधील अक्षराचा साचा मात्र ८ ठिपके रुंद. नववा ठिपका कार्ड स्वतः भरी आणि बहुधा कोराच ठेवी. रोमन अक्षरांत फट राहावी म्हणून.

३/ अपवाद १९२ ते २२३ या ३२ संकेतांचा. तेथे आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा उमटे, कारण चौकटी आखण्याच्या आडव्या रेषा या टप्प्यात होत्या. १९८७ च्या व्हीजीएनेही ही रीत पाळली.

४/ या घरांत देवनागरी बसवली, तर बहुतेक अक्षरांनंतर शिरोरेषा तुटणार. चौकट अखंड, शब्द खंडित! कार्डात बिघाड नव्हता. ते घडविणाऱ्यांसमोर जोडून लिहिली जाणारी लिपीच नव्हती.

५/ मोजणीचाही पेच होता. पीसीचा नियम: एक संकेत, एक घर. ‘स्त्री’ या एका अक्षराला इस्की संकेतप्रणालीत ६ संकेत लागतात. शिवाय इस्कीत १७९ म्हणजे ‘क’, तर पीसीच्या मूळ संचात १७९ म्हणजे उभी रेषा.

६/ आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम मोहन तांबे यांच्यासह पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. तेथील जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसे आणि जोडाक्षरे स्वतः घडवी. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील प्रोग्रामांत त्यामुळे देवनागरी उमटू लागली. १९९१ मध्ये इस्कीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

७/ आज एम्युलेटर असताना जुनी कार्डे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण एम्युलेटर माहीत असलेल्या वर्तनाचीच नक्कल करतो. ती पडताळायला मूळ वस्तूच लागते. त्या काळच्या अनेक कार्डांवरील ईप्रॉम चिपांतला विद्युतभारही वर्षानुवर्षे झिरपत असतो. तो संपला की चिप उरते, मजकूर जातो.

८/ म्हणून चिंचवडच्या सायन्स पार्कसारख्या संस्थेत जिस्ट कार्डाला जागा मिळावी, सोबत त्याच्या रॉमची प्रत आणि माहितीपुस्तिका असावी. मोडी कागद रद्दीत गेला तर इतिहासप्रेमी हळहळतात. शिरोरेषा सांधणाऱ्या कार्डाच्या वाट्यालाही तेवढी हळहळ यावी, आणि ती वेळेत यावी.