वॉचमन आहे म्हणून दार उघडे?

"आज ऑफिसचे नेटवर्क बंद होते," हे वाक्य आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी घरी ऐकले असेल. हे नेटवर्क म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता आहे. कंपनी, बँक, बंदर किंवा इस्पितळ आपल्या कामासाठी स्वतःचे खाजगी जाळे बांधते, त्याला इंट्रानेट म्हणतात. हिशेब, पगार, ग्राहकांची माहिती असे सारे त्यावर असते.

मनखूलमधल्या कितीतरी इमारतींत ३०४ नंबरचा फ्लॅट असेल. तरी घोटाळा होत नाही, कारण तो नंबर त्या इमारतीपुरताच असतो. खाजगी जाळ्यांचेही तसेच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक १९९० च्या दशकात अशा जाळ्यांसाठीच राखून ठेवले गेले. घरच्या वायफायवरही बहुधा तेच सापडतील. आवार आणि रस्ता यांच्यामध्ये फायरवॉल नावाचा वॉचमन बसवलेला असतो.

माझे म्हणणे असे, की त्या वॉचमनच्या भरवशावर आतली दारे उघडी ठेवणे धोक्याचे आहे. मोठमोठ्या संस्थांनाही याची किंमत मोजावी लागली आहे.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर, एका देशातून दुसऱ्या देशात गेला. आपल्या न्हावा शेवा बंदरातले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही त्यामुळे ठप्प झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. जाळ्याची मुख्य नोंदवही ठेवणारे संगणक सगळीकडचे गेले होते. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे नेमकी वीज गेली होती!

दुसरे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. एटीएममध्ये कार्ड घातले की "पैसे द्यायचे का?" असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा घुसवली आणि ती बनावट कार्डांना "द्या" असे उत्तर देत राहिली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हाँगकाँगला परस्पर पाठवलेली रक्कम धरून चोरी ९४ कोटींच्या वर गेली. ग्राहकांची खाती शाबूत राहिली, तोटा बँकेला सोसावा लागला.

काही पालक म्हणतील, "आधीच इतके पासवर्ड, आणखी किती कुलुपे लावायची?" तक्रार खरी आहे, कामाचा वेळ जातो. पण वाड्याला दिंडी दरवाजा असूनही कोठीच्या खोलीची किल्ली आजीच्या कनवटीलाच असे. घरच्यांवर तिचा अविश्वास नव्हता. एक दार फुटले तरी सगळे घर उघडे पडू नये, इतकाच हेतू. संस्थेनेही हिशेबाचे, यंत्रांचे आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवावे, आणि आतून आलेल्यालाही "तू कोण?" असे विचारावे.

हे घरालाही लागू आहे. ऑफिसचा लॅपटॉप घरी आला की ऑफिसच्या जाळ्याचे एक दार घरी आले, असे समजा. त्यावर मुलांना फुकटचे गेम उतरवू देऊ नका. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे वायफाय ठेवता येते, ते ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचे एक काम. आपल्या राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे का, हे आईबाबांना विचारा. तोच असेल, तर त्यांच्याबरोबर बसून बदला.