‘गेट इन’ की ‘गेट ऑन’?



‘मी शाळेत जातो’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला दिले की वर्गात दोन तऱ्हेच्या चुका हमखास सापडतात. काही मुले लिहितात, ‘आय गो इन स्कूल’. काही लिहितात, ‘आय गो स्कूल’. बरोबर वाक्य आहे ‘आय गो टू स्कूल’. पण या दोन चुका दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या असतात, हे आम्ही पालकांना मुद्दाम सांगतो.

पहिले मूल मराठीतून विचार करते. ‘शाळेत’मधल्या ‘त’चे त्याने ‘इन’ केले. दुसरे मूल उर्दूतून विचार करते. ‘मैं स्कूल जाता हूँ’ म्हणताना स्कूलला काहीच जोडावे लागत नाही, म्हणून त्याने इंग्रजीतही काही जोडले नाही. दोघांनीही आपापल्या भाषेचा नियम इमानदारीने पाळला. अशा मुलाला ‘ढ’ म्हणणे अन्याय आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी दहावीनंतर अकरावीला सगळे विषय एकदम इंग्रजीत आले की आपल्या कितीतरी हुशार मुली मागच्या बाकावर गप्प बसतात. शब्द त्यांना येतात. अडते ते ‘इन, ऑन, टू, ऑफ’ या छोट्या शब्दांवर. चुकलो तर हसतील, या भीतीने तोंड उघडत नाही. म्हणून या महिन्यात हे छोटे शब्दच घेऊ.

दिशा कुठे असते?

चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे. या मराठी क्रियापदांत दिशा आतच आहे. ‘उतर’ म्हटले की ‘खाली’ वेगळे सांगावे लागत नाही. उर्दूतही तसेच: चढ़ना, उतरना, घुसना, निकलना. इंग्रजीची रोजची रीत वेगळी आहे. तिथे गो, कम, गेट, रन ही मोजकी क्रियापदे असतात आणि दिशा पुढच्या छोट्या शब्दात असते. गो अप म्हणजे वर जाणे, गो डाउन म्हणजे खाली जाणे, गो इन म्हणजे आत जाणे, गो आउट म्हणजे बाहेर जाणे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांचे असे दोन गट सांगितले आहेत: दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या आणि दिशा क्रियापदाबाहेर ठेवणाऱ्या. मराठी-उर्दू पहिल्या गटात, इंग्रजी दुसऱ्या.

इंग्रजीत आपल्यासारखी क्रियापदेही आहेत. एंटर म्हणजे शिरणे, डिसेंड म्हणजे उतरणे, रिटर्न म्हणजे परतणे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच शब्दांची रीघ लागली, त्यांतले हे. पण डोंबिवलीच्या फलाटावर ‘डिसेंड फ्रॉम द ट्रेन’ कुणी म्हटले तर लोक वळून बघतील. तिथे ‘गेट ऑफ’च लागते.

रिक्षा आणि लोकल

मराठीत आपण रिक्षातून उतरतो, लोकलमधून उतरतो आणि घोड्यावरूनही उतरतो. क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र वाहन पाहावे लागते.

ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते, त्याला ऑन आणि ऑफ: ट्रेन, बस, विमान, मोठे जहाज. उमऱ्याला निघालेले दादा-दादी विमानात चढले, म्हणजे ‘दे गॉट ऑन द प्लेन’. ज्यात वाकून शिरायचे आणि बसायचे, त्याला इन किंवा इन्टू, आणि उतरताना आउट ऑव्ह: रिक्षा, मोटार, टॅक्सी. ज्यावर टांग टाकून बसायचे, त्याला पुन्हा ऑन आणि ऑफ: सायकल, स्कूटर, घोडा.

म्हणजे कॉलेजला निघालेली मुलगी घराजवळ ‘गेट्स इन्टू अ रिक्षा’, स्टेशनबाहेर ‘गेट्स आउट ऑव्ह द रिक्षा’, पुलावर ‘गोज अप द स्टेअर्स’, फलाटावर ‘गेट्स ऑन द ट्रेन’ आणि ठाण्याला ‘गेट्स ऑफ’. एका सकाळच्या प्रवासात पाच जोड्या पाठ होतात. इथे स्पेलिंगही सांभाळा. उतरण्याच्या ‘ऑफ’मध्ये दोन एफ असतात, ‘आउट ऑव्ह’मधल्या ‘ऑव्ह’मध्ये एकच.

आणि एक काळजी. नुसते ‘गेट आउट’ हे कुणाला उद्देशून म्हटले तर ‘चालता हो’ असा अर्थ होतो. गर्दीत बाईमाणसाला ‘तुम्ही उतरणार आहात का?’ असे विचारायचे असेल तर ‘आर यू गेटिंग ऑफ?’ असे विचारा.

जिथे छोटा शब्द नकोच

‘डोंबिवलीला पोहोचलो’ याचे मराठी मूल ‘रीच्ड टू डोंबिवली’ करते, कारण ‘ला’ डोक्यात असतो. रीचला टू लागत नाही. ‘मैं डोंबिवली पहुँचा’ म्हणणारे मूल इथे सहज बरोबर लिहिते. शाळेच्या वाक्यात उर्दूने चकवले, इथे तिनेच सांभाळले. दोन भाषांच्या घराचा हा फायदा आहे. मुलाला दोन्ही वाक्ये शेजारी मांडायला सांगा, कोणती भाषा कुठे ओढते ते त्याला स्वतःला दिसेल.

‘वर्गात शिरलो’ म्हणजे ‘एंटर्ड द क्लास’. मध्ये इन नको. ‘घरी गेलो’ म्हणजे ‘वेंट होम’. टू नको. हिअर, देअर आणि अब्रॉड यांच्याआधीही टू येत नाही.

धावत, लंगडत, पोहत

‘मुलगा धावत खाली आला’ याचे मुले ‘द बॉय केम डाउन रनिंग’ करतात. ते समजते, पण अवघडलेले वाटते. इंग्रजी चालीलाच क्रियापद करते: ‘द बॉय रॅन डाउन’. लंगडत बाहेर आला म्हणजे ‘लिम्प्ड आउट’. पोहत पलीकडे गेला म्हणजे ‘स्वॅम अक्रॉस’. आपला ‘धावत’ त्यांचे क्रियापद होतो आणि आपले ‘खाली येणे’ त्यांचा छोटा शब्द होतो. एवढी अदलाबदल हाताला बसली की निम्मे भाषांतर सुटते.

न हलता जाणे

दूध कुठे चालत जात नाही, तरी आपण म्हणतो, ‘दूध नासून गेले’. इंग्रजीतही ‘द मिल्क वेंट ऑफ’. लाइट गेली म्हणजे ‘द लाइट्स वेंट आउट’. इथे दोन्ही भाषा जवळ आल्या. पण सहरीला ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. तो बंद पडला असा अर्थ घेतला तर सगळे उलटे होईल. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. ‘रन आउट ऑव्ह’ म्हणजे एखादी वस्तू संपणे.

हे विचित्र वाटत असेल तर आपले ‘खाऊन टाक’ आठवा. त्यात टाकायचे काय? उर्दूत ‘खा डालो’, तिथे घालायचे काय? मराठी शिकणारा परका माणूस असाच गोंधळतो. आपण हे शब्द सुटे शिकलो नाही, जोडीने ऐकत आलो. इंग्रजीतल्या जोड्याही तशाच शिकायच्या.

पालकांसाठी

इंग्रजी येत नसलेल्या अम्मीलाही मुलाची मदत करता येते. वहीत ‘गेट’ एकटा लिहू देऊ नका. ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’ अशी जोडी एक शब्द समजून लिहायला सांगा आणि शेजारी बाणाचे चित्र काढायला लावा: वर, खाली, आत, बाहेर. रोज रात्री एकच विचारा, “आज कुठे चढलास, कुठे उतरलास? इंग्रजीत सांग.” चुकले तर लगेच टोकू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग दोघे मिळून वहीतले बाण बघा. भीती गेली की भाषा येते.

घरचा अभ्यास

१. आम्ही रिक्षात बसलो.
२. अब्बा ठाण्याला गाडीतून उतरले.
३. नानी काल घरी परत गेल्या.
४. मांजर पळत बाहेर गेले.
५. घरातली साखर संपली आहे.

उत्तरे: १. वी गॉट इन्टू अ रिक्षा. २. अब्बा गॉट ऑफ द ट्रेन अ‍ॅट ठाणे. ३. नानी वेंट बॅक होम येस्टरडे. ४. द कॅट रॅन आउट. ५. वी हॅव रन आउट ऑव्ह शुगर.

उत्तरे झाकून मुलांकडून आधी सोडवून घ्या. पुढच्या महिन्यात ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ घेऊ, इन्शाअल्लाह.