चारशे अँपिअरची भूक

मॅरेथॉन झाली, सायकल झाली, आता कॅम्पर व्हॅन! आमच्या ग्रुपमध्ये हल्ली जो तो व्हॅन बांधायला निघालाय. आत बेड, सिंक, छोटा फ्रिज, छतावर सोलार. एकदम झक्कास. पण व्हॅन बांधून झाली की महिन्याभरात हमखास फोन येतो, ‘‘अरे, इलेक्ट्रिक विंच बसवावा म्हणतोय. कुठला घेऊ?’’

कुठला घेऊ, हा प्रश्नच नंतरचा आहे, मंडळी. विंच दुकानात मिळतो. खोक्यातून बाहेर काढला की मोटर, गिअरबॉक्स, ड्रम आणि दोरखंड, बस्स! खरा खेळ आहे तो बॅटरी आणि विंच यांच्यामधल्या वायरचा. आणि नेमकी तीच गोष्ट कुणी फोनवर विचारत नाही.

साधा हिशेब बघा. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारा विंच घ्यायचा, असा सरसकट नियम आहे. माझ्या एका मित्राने व्हॅन हायवेच्या वजनकाट्यावर नेली. पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर, सामान, दोन माणसं धरून साडेतीन टनाच्या जरा खाली. म्हणजे सव्वापाच टनांच्या आसपास ओढणारा विंच हवा. बाजारात तो 12,000 पौंडाचा म्हणून मिळतो (5,443 किलो). तोही आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा. वर थर चढत गेले की ताकद कमी होत जाते, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

आता हा गडी पूर्ण ताकदीने ओढायला लागला की 12 व्होल्टला साधारण 400 अँपिअर खातो. म्हणजे 4,800 वॅट. घरातले दीड टनाचे तीन एसी एकदम चालू केल्यासारखं! गाडीचा अल्टरनेटर जोर लावून समजा 100 अँपिअर देतो. पगार शंभर, खर्च चारशे. उरलेले तीनशे कुठून? बॅटरीतून. म्हणून इंजिन चालू ठेवून मिनिटभर ओढायचं आणि मग थांबायचं. मोटर थंड होऊ द्यायची, बॅटरीत थोडं जमा होऊ द्यायचं.

इथे कॅम्परवाल्यांना एक मोह पडतो. ‘‘आपल्याकडे मागे लिथियम बॅटरी आहे ना, फ्रिज आणि पंख्याची! तिलाच जोडू.’’ नको रे बाबा. त्या बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. सर्वसाधारण 100 अँपिअर-आवरच्या बॅटरीत ते बहुतेक वेळा 100 अँपिअरच्या आसपासच सोडतं. त्याच्यापुढे गेलात की सरळ बंद. गाडी चिखलात, विंच मुका आणि वर फ्रिजही गेला! विंचला इंजिनची लेड-अॅसिड बॅटरीच हवी. ती क्षणभर भरपूर करंट द्यायलाच बनवलेली असते.

मित्राने विंच कुठे बसवला? मागे. सगळे फोटो पुढच्या बंपरवरचे असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याची व्हॅन मागच्या चाकांवर चालणारी. रुतली की मागची चाकं स्वतःचाच खड्डा खणतात. आणि अशा वेळी आलो त्याच वाटेने मागे निघणं बहुतेकदा शहाणपणाचं असतं, कारण ती वाट पाहिलेली असते. शिवाय पुढे लोखंडी गार्ड ठोकायचा म्हणजे कायद्याशी गाठ. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की, क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, कंपनीच्या मूळ रचनेत न बसणारा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे. त्यामुळे काहीही वेल्डिंग करण्याआधी आरटीओला लेखी विचारा. विमा कंपनीलाही. तोंडी ‘‘चालतंय हो’’ ऐकून घरी येऊ नका.

मित्राचा विंच काढता-घालता येणाऱ्या चौकटीवर आहे. चौकट मागच्या हुकमध्ये जाते, आणि हुक थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. बंपरच्या पत्र्याला नाही! विंच चौकटीला धरतात ते चार हाय-टेन्साईल बोल्ट, दहा मिलीमीटरचे. नेहमी हा सगळा ऐवज आत बिछान्याखाली असतो.

पण मागे विंच म्हणजे वायर लांब. बॅटरी पुढे, विंच मागे, अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा. आता गणित करू. वेल्डिंगची 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली तर 400 अँपिअरला वाटेतच सुमारे 2.4 व्होल्ट गळतात. बारातून नऊ-साडेनऊ उरले. मोटर कण्हणार, आणि केबलमध्ये जवळपास एका इस्त्रीएवढी उष्णता तयार होणार. तुमच्या गादीखाली इस्त्री! 70 स्क्वेअर एमएम टाकली की हे नुकसान निम्म्यावर येतं. महाग आहे, जड आहे, वळवायला हात दुखतात. पण तीच घ्यायची. आणि निगेटिव्हची केबलही तेवढीच जाड, थेट बॅटरीपर्यंत. ‘‘अर्थिंग चासीलाच देऊन टाकू की,’’ असं वायरमन म्हणेल. गंज आणि रंगाच्या थरातून 400 अँपिअर सुखाने जात नाहीत.

पुण्यात यासाठी तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. दुकानात गेल्यावर एकच गोष्ट ठामपणे विचारा, तार आतून तांब्याची आहे ना? अॅल्युमिनियमची वेल्डिंग केबलही मिळते. स्वस्त असते आणि वरून अगदी सारखीच दिसते. टोक सोलून, खरवडून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

टोकांना तांब्याचे थिंबल. ते हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्यायचे. हातोडीने ठोकून नाही, आणि नुसतं सोल्डर ओतूनही नाही. सोल्डरचं दुखणं असं की, जोड तापला की तेच वितळतं. बॅटरीपासून वीतभर अंतरात 500 अँपिअरचा फ्यूज. त्याच्या शेजारी आयसोलेटर, म्हणजे हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच. तो एवढा करंट झेलणारा हवा, कारण तसाच दिसणारा 100 अँपिअरचाही मिळतो. हा स्विच एरवी बंद. विंच जोडायचा तेव्हाच चालू. सहा मीटरची जिवंत केबल गाडीच्या पोटाखाली कायम घेऊन हिंडायचं आणि कुणी मागून ठोकलं की आग लागायची, असं जगणं कशाला? केबल सायलेन्सर आणि डिझेलच्या पाइपापासून लांब, फ्लेक्झिबल पाइपात, प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. (पार्किंगमधल्या उंदरांनाही तो पाइप थोडा अवघड जातो. थोडाच.) शेवटी मागे 350 अँपिअरचा मोठा अँडरसन प्लग. खटकन जोडला, खटकन काढला.

वायर, थिंबल, फ्यूज, स्विच, प्लग, सगळ्यांचं मिळून बिल विंचच्या किमतीच्या निम्म्याला टेकलं. मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता!

दोरखंडाबद्दल मात्र मी थट्टा करत नाही. ताणलेली स्टीलची वायररोप तुटली की चाबकासारखी फिरते, आणि तिथे जो उभा असेल त्याचं काय होतं ते सांगायला नको. सिंथेटिक दोर हलका, तुटल्यावर त्यात साठलेला जोर कमी, म्हणून मी तो सुचवतो. तरीही दोरावर जाड ब्लँकेट टाकायचं आणि हातात ग्लोव्हज घालायचे. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. बघ्यांना लांब करायचं. आपल्याकडे गाडी अडकली की पाच मिनिटांत वीस माणसं जमतात, आणि त्यातली चार दोरावरच उभी राहतात.

दुसरं म्हणजे, ओढायला काहीतरी घट्ट लागतं. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत झाड कुठलं? सुरूचं बन असतं ते पार वर, आणि दोर पंचवीस-सत्तावीस मीटर. ओहोटी ते भरती साधारण सव्वासहा तास. त्यात गाडी वाळूत, आणि सर्वांत जवळचं सुरूचं झाड पन्नास मीटरवर! अशा ठिकाणी विंच बिनकामाचा. मुळात गाडी वाळूत घालायचीच नाही. झाड मिळालं तर बुंध्याला रुंद पट्टा, नुसती साखळी नाही, साल जाते. आणि एक पुली जवळ ठेवा. दोर तिच्यातून फिरवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते. वेग निम्मा होतो, पण मोटर आणि केबल दोघांनाही आराम. चारशेऐवजी दोनशेच्या आसपास अँपिअर.

सगळं झाल्यावर मित्राने पहिली ओढ चिखलात नाही, मोकळ्या मैदानातल्या चढावर घेतली. मिनिटभर ओढलं, थांबवलं, आयसोलेटर बंद केला आणि मी एकेका थिंबलवर हात ठेवत गेलो. केबल कोमट, फ्यूज कोमट. आयसोलेटरवरचा एक थिंबल मात्र हात ठेववेना इतका तापलेला. ज्याने फिटिंग केलं त्याने नट आवळायचा राहिला होता. अर्धा आटा फिरवला, पुन्हा मिनिटभर ओढलं. या वेळी तोही कोमट.