नाणे कशात ठेवावे?

घरातल्या जुन्या पेटीच्या तळाशी एखादा हाली रुपया सापडला, तर तो चिंचेने घासू नका. मी लहानपणी घासला आहे. आमचे भोकर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि इथल्या बाजारात हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब असे. आजीने दिलेला चारमिनार छापाचा रुपया मी चिंच आणि राख लावून लखलखीत केला आणि मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकचे कप्पे असलेल्या वहीत ठेवला. काही वर्षांनी पाहतो तो नाण्यावर हिरवट, चिकट लेप! आजीच्या पेटीत तोच रुपया इतकी वर्षे सुखरूप होता.

असे का झाले? ते मऊ प्लॅस्टिक म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी. हा पदार्थ मुळात कडक असतो. तो मऊ व्हावा म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात. शिवाय उष्णतेने व प्रकाशाने पीव्हीसीचे विघटन होऊन थोडे थोडे हायड्रोजन क्लोराइड सुटते. हाली रुपयात चांदी ८१.८ टक्के, उरलेले मुख्यतः तांबे. ११.१८ ग्रॅमच्या नाण्यात हा वाटा सुमारे दोन ग्रॅम भरतो. तांब्याची क्लोराइडे हिरवी असतात, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. आमच्या मराठवाड्यातला उन्हाळा आणि पत्र्याचे कपाट या क्रियेला चांगलाच हातभार लावतात.

हे सारे आठवण्याचे कारण असे. आमच्या भागातील एका शाळेत जुन्या नाण्यांचा लहानसा संग्रह आहे. तेथील गुरुजींनी मला विचारले, ‘ही नाणी दर्जा ठरवून सीलबंद डब्यांत घालून घ्यावीत काय?’

या डब्या तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. अमेरिकेत पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये निघाली. तेथील तज्ज्ञ नाणे तपासतात, त्याला १ ते ७० पर्यंत दर्जा देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या दोन झाकणांत बंद करतात. ती झाकणे श्राव्यातीत ध्वनीने सांधतात. आपल्या कानाला न ऐकू येणारी ही कंपने सांध्यावर घर्षण घडवतात आणि तेवढाच भाग वितळून एकजीव होतो. नाण्याला मात्र ऊब लागत नाही. युक्ती मोठी सुरेख आहे, यात शंका नाही.

तरीही मी गुरुजींना ‘नको’ म्हणालो. एक तर डबी हवाबंद नसते. हवेतील हायड्रोजन सल्फाइड आत सावकाश शिरतो, एवढेच. दुसरे असे की, हे १ ते ७० आकडे शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी सुचवले, ते किंमत ठरवण्यासाठी. ७० दर्जाचे नाणे १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे, अशी ती कल्पना होती. विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला तिचा उपयोग आहे. महागडे नाणे खरे की खोटे, याचीही थोडी हमी मिळते. पण शाळेला आपली नाणी विकायची नाहीत.

आणि डबीत गेलेले नाणे तुम्हाला तोलता येत नाही! माझ्या मते हे नुकसान सर्वांत मोठे. हाली रुपया दोऱ्याने टांगून शुद्ध पाण्यात तोला. त्याचे वजन सुमारे १.१ ग्रॅमने कमी भरले पाहिजे. तेवढ्याच वजनाचा, चांदीचा मुलामा दिलेला पितळी तुकडा असेल, तर ही घट १.३ ग्रॅमच्या आसपास येईल. आर्किमिडीजचा नियम पाठ करणाऱ्या मुलाने एकदा तरी हे स्वतःच्या हाताने करावे. मग नाणे मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये.

मग शाळेने काय वापरावे? पॉलिएस्टरची कडक, कुरकुरीत पाकिटे चांगली. पॉलिप्रोपिलीनचीही चालतील. पाकिटाचा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रोपिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. पॉलिएस्टरही बुडते, म्हणून शंका राहिली तर शिक्षकांनी तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवावी आणि ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. धूर विषारी असतो, तेव्हा तुकडा अगदी लहान घ्यावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी एकट्याने हा प्रयोग करू नये. चांदीच्या नाण्यांना रबर बँड कधीही लावू नका. रबरातील गंधकामुळे त्यांवर काळी रेघ उमटते.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांची गोष्ट वेगळी. पैठण ही त्यांची राजधानी, म्हणजे ही नाणी आपल्याच मुलखाची. लाकूड आणि पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि तिच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी धरते. देखणी सागवानी पेटी त्यांना साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटापेक्षा वाईट. शिवाय शिसे विषारी आहे; हाताळल्यावर हात धुवा. असे नाणे शेतात जमिनीखाली सापडले, तर मात्र पाकिटाचा विचार नंतर. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आजीचा रुपया आता पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे. परवा तोलला, तेव्हा ११.०९ ग्रॅम भरला. टांकसाळीतून निघाल्यापासून नऊ शतांश ग्रॅम कमी. त्यातले बाजारात किती झिजले आणि माझ्या राखेने किती गेले, ते तराजूला सांगता येत नाही.