काळी घ्यावी, रंगीत सोडावी

मालाडच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही अंगांस ज्या वेगाने जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, त्या वेगाचा एक अल्पसा लाभ आपल्या व्यवसायाच्या पदरात पडत असून त्याची दखल सायकल-दुरुस्तीचे काम करणाऱ्या मंडळींनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही, असे आमचे मत आहे. पुनर्विकासाचा करारनामा होऊन रहिवासी भाड्याच्या घरांत जाण्यास निघाले, की जिन्याखाली, गच्चीच्या दाराशी आणि पंपाच्या खोलीत वर्षानुवर्षे कुलूपबंद पडलेल्या सायकली एकाएकी सर्वांच्या नजरेस पडतात; त्यांच्या किल्ल्या हरवलेल्या असतात, ज्यांच्यासाठी त्या घेतल्या ती मुले नोकरीस लागून परगावी गेलेली असतात, आणि अखेरीस सोसायटीचा चिटणीस भंगारवाल्यास निरोप धाडून वजनाच्या भावाने त्यांची विल्हेवाट लावतो. या सायकली भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी आपण गाठाव्यात काय, गाठल्यास त्यांतील कोणत्या घ्याव्यात आणि कोणत्या निःशंकपणे सोडून द्याव्यात, याचा विचार या अंकी करण्याचे योजिले आहे.

एका सायकलीचे अवयव काढून दुसरीस जोडण्याची रीत आपल्या धंद्याइतकीच जुनी आहे. सायकली तासाच्या भाड्याने मिळत असत त्या काळी दहा सायकलींचा धनी म्हणविणारा दुकानदार वस्तुतः नऊच रस्त्यावर ठेवी आणि दहावी भिंतीस टांगून तिच्या जिवावर उरलेल्या नवांचा योगक्षेम चालवी. दुसऱ्या महायुद्धात विलायतेचा माल दुर्मीळ झाला, तेव्हा रॅले, हंबर आणि बी.एस.ए. या गाड्या चालत्या ठेवल्या त्या अशाच टांगलेल्या सांगाड्यांनी. मोडीत निघालेल्या वस्तूचा पुन्हा उपयोग करून घेण्याची विद्या मालाडास तर मुळीच नवी नाही. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली येथे उभारलेल्या बॉम्बे टॉकीजचे आवार आज लहानसहान कारखान्यांच्या गाळ्यांनी गजबजलेले आहे, आणि जेथे एके काळी चित्रपटांचे देखावे उभे राहत तेथे आता लोखंड कापण्याचा आवाज चालतो. कलेच्या दृष्टीने ही गोष्ट खेदाची असेल. कारागिराच्या दृष्टीने तीत खेद करण्यासारखे आम्हांस फारसे दिसत नाही.

जुनी सायकल स्वस्त मिळाली म्हणून ती स्वस्त पडतेच असे नाही, हा मुद्दा प्रथम नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या मंडळींपैकी अनेकांची नजर गाडीच्या रंगावर आणि चकाकीवर जाते, आणि त्यामुळे तीनचार वर्षांपूर्वी वाढदिवसास घेतलेली, जाड टायरांची, पुढे स्प्रिंगांचा देखावा असलेली रंगीत गाडी हजारपाचशे जास्त देऊन उचलली जाते व तिच्याच शेजारी भिंतीस टेकलेली, गंजाने तांबूस झालेली, बाविसाच्या फ्रेमची काळी गाडी भंगारवाल्यास सोडली जाते. आमच्या मते हा व्यवहार अगदी उलट व्हावयास पाहिजे. काळ्या गाडीची मापे गेल्या सात दशकांत हलली नाहीत. वरळीच्या हिंद सायकल्सच्या मागोमाग १९४९ साली मद्रासजवळ टी.आय. सायकल्स, १९५१ साली सोनपतास ॲटलास आणि १९५६ साली लुधियान्यास हीरो असे कारखाने निघाले, आणि या सर्वांनी इंग्रजी रोडस्टरची मापे जवळजवळ जशीच्या तशी उचलली. अठ्ठावीस बाय दीडचा टायर, अर्ध्या इंचाच्या अंतराची चेन, पुढच्या चाकास बत्तीस आणि मागच्यास चाळीस स्पोक हा त्यांचा साचा पुढे ठरूनच गेला. याचे फळ असे, की ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासने साहिबाबाद येथील आपल्या कारखान्याचे काम थांबविले तरी ॲटलासवर पाव विकणारा माणूस दुसऱ्या दिवशी निराधार झाला नाही. त्याच्या गाडीचा हब गेला तर हीरोचा बसतो, क्रँक गेली तर हर्क्युलिसची बसते.

रंगीत गाडीचे तसे नाही. तिचे मडगार्ड प्लॅस्टिकचे, पायडलमध्ये छर्ऱ्यांऐवजी प्लॅस्टिकचे बुश, पुढचा स्प्रिंगांचा चिमटा असा की तो बिघडला असता खोलून दुरुस्त करण्याची सोयच नसते. लहान मुलांच्या पुष्कळ गाड्यांत क्रँक आणि एक्सल एकाच सळईचे वाकवून केलेले असतात, त्यांची बी.बी. मोठी असल्यामुळे तिचा कोणताही भाग नेहमीच्या फ्रेमीस लागत नाही. चाकांच्या मापांचा घोळ याहून अधिक. ज्यांना बाजारात सरसकट ‘सव्वीस’ म्हणतात त्यांत ५९० मिलिमीटरची रिम निराळी आणि ५५९ मिलिमीटरची निराळी, एकीचा टायर दुसरीवर जन्मात चढावयाचा नाही. तेव्हा अशा गाडीची रिम घ्यावयाचीच असेल तर दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर न जाता टायरच्या कडेवर छापलेले माप वाचून घ्यावे. अपवाद एकच सांगतो: गियरची गाडी चांगल्या कंपनीची असून तिचे डिरेलर व शिफ्टर शिमानोचे असतील आणि रिम ॲल्युमिनियमच्या असतील, तर ती रंगीत असली तरी जरूर घ्यावी, एव्हरशाइन नगर आणि ऑर्लेमकडील सोसायट्यांतून अशा गाड्या आता निघू लागल्या आहेत.

आता काळी गाडी पारखण्याचा तपशील. मालाडच्या पश्चिमेस मार्वे, मालवणी, आक्सा आणि खाडीपलीकडे मनोरी असा सर्व खाऱ्या वाऱ्याचा प्रदेश असल्यामुळे येथील गंज पाहून घाबरणे जसे चुकीचे, तसेच त्याकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे. फ्रेमीच्या बाहेरील तांबूस थर सँडपेपरने निघतो. खरा धोका आतला असतो, कारण सीटपोस्टच्या बाजूने झिरपलेले पावसाचे पाणी नळीतून उतरून बी.बी.त साठते आणि तेथील लोखंड आतून खाते. म्हणून गाडी उलटी करून बी.बी.च्या खालच्या अंगास हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज भरीव आला तर ठीक, पापुद्रे गळू लागले तर ती फ्रेम सोडावी. तद्वतच हँडलच्या मागे, खालची नळी जेथे पुढच्या नळीस मिळते तेथे रंगाला सुरकुती दिसल्यास गाडी समोरून आदळलेली आहे असे समजावे, आणि तिचा चिमटा कितीही सरळ दिसत असला तरी तो घेऊ नये.

हब पाहताना पुष्कळ लोक एक्सल हातांत धरून चाक फिरवितात आणि खरखर ऐकू आली की हब टाकून देतात. एवढ्यावर निकाल देणे घाईचे आहे. खरखर बहुधा छर्ऱ्यांची किंवा कोनाची असते, आणि हे दोन्ही जिन्नस नवे घालावयाचेच आहेत. मागच्या हबास दर बाजूस पाव इंचाचे नऊ आणि पुढच्यास तीन सोळांश इंचाचे दहा छर्रे लागतात, त्यांस असा काय खर्च येतो? निकाल वाटीवर द्यावा. हब खोलून, रॉकेलमध्ये धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून वाटीत बोट फिरवावे; नखास खळगा लागला नाही तर तो हब आणखी वीस वर्षे चालेल. जुन्या गाड्यांच्या वाट्यांचे पोलाद हल्ली मिळणाऱ्या स्वस्त हबांहून पुष्कळदा कठीण असते, असा आमचाच नव्हे तर डब्यांचे ओझे वाहणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या अनेक कारागिरांचा अनुभव आहे. मागच्या हबाबरोबर चाळीस भोकांची रिमही घ्यावी हे मात्र विसरू नये, कारण छत्तीस भोकांच्या रिमेवर तो हब व्यर्थ होय. रिमेची परीक्षा निपलांच्या भोकांपाशी करावी. मुलामा उडालेला असला तरी चालेल, भोकाभोवती लोखंड फुगलेले असले तर चालणार नाही. रॉडब्रेकच्या जुन्या घाटाच्या रिमा चांगल्या स्थितीत आढळल्या तर किमतीची घासाघीस न करता घ्याव्यात. स्पोक सोडविण्यात वेळ दवडू नये. गंजलेले निपल फिरत नाहीत, आणि फिरलेच तरी त्यातून जी बचत होते तिच्याहून मजुरी जास्त पडते.

फ्रीव्हील दोन बोटांत धरून फिरवावे आणि बाजूला हलवून पाहावे. आवाज स्वच्छ असून डुलणे थोडे असेल तर धुऊन ठेवावे, परंतु दात एका अंगास वाकड्या आकड्यांसारखे झिजले असतील तर ते भंगारात घालावे. चेनीसाठी पट्टी पुरे: चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत, आणि एक अष्टमांश इंचाने जास्त भरल्या तर ती चेन जुनीवर काय, नवीवरही चढवू नये, कारण ती नव्या चकतीचे दातही लवकरच खाऊन टाकील. क्रँकेत कॉटरचे भोक लांबट झाले आहे काय हे पाहावे. तेवढे शाबूत असेल तर क्रँक आणि चकती यांना मरण नाही. कॅरियर, स्टँड, चेनकव्हर, पत्र्याची मडगार्डे, स्प्रिंगांच्या सीटचा सांगाडा, हे सर्व डोळे मिटून घ्यावे.

ज्या वस्तूंवर स्वाराचा प्राण अवलंबून असतो त्या मात्र जुन्या कधीही वापरू नयेत, आणि याबाबतीत आम्ही कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. ब्रेकची रबरे, ब्रेकच्या तारा, कॉटर, टायर व ट्यूब नवेच घालावेत; आदळलेला चिमटा थंड अवस्थेत वाकवून सरळ करणे आणि तो गिऱ्हाइकास विकणे हे आमच्या दृष्टीने कारागिरीत मोडत नाही.

लुधियान्याचा नवा माल स्वस्त मिळत असता ही यातायात कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील, आणि तो अगदीच निराधार नाही. जे जिन्नस झिजण्यासाठीच बनलेले आहेत ते नवे घेणे शहाणपणाचे, हे वर सांगितलेच आहे. परंतु हब, क्रँक, फ्रेम यांसारखे दीर्घायुषी भाग जुनेच अधिक भरवशाचे असतात, आणि रॉडब्रेकचे कित्येक तुकडे तर नवे मागूनही मिळत नाहीत. त्यातून एक गाडी खोलावयास लागणारा वेळ फुकट समजू नये. पावसाळ्यात दुकानावरील वर्दळ कमी असते तेव्हा हे काम करावे आणि एरवी हात लावू नये. जागेचा प्रश्न मात्र बिकट आहे. आठ बाय दहाच्या गाळ्यात पाच सांगाडेही मावत नाहीत, आणि ते पदपथावर ठेवावेत तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३१४ अन्वये पालिकेस ते नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आहे. तेव्हा गाडी आणली त्याच आठवड्यात खोलावी, भाग डब्यांत घालून वर नाव लिहावे आणि उरलेले लोखंड लगेच काट्यावर चढवावे; सांगाडे साठविण्याचा मोह धंद्यास घातक आहे.

शेवटी कायद्याची बाब, जिच्याकडे आपल्या मंडळींचे सर्वाधिक दुर्लक्ष असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असता, अथवा तसे मानण्यास कारण असता, तो अप्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यातील कलम १२४ अन्वये जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा न करता येणे हासुद्धा अपराध ठरू शकतो. रात्री दहा वाजता कुणी पोरगा कुलूप तोडलेली चांगली गाडी तीनशे रुपयांस देऊ लागला तर ‘तसे मानण्यास कारण’ आणखी कोणते पाहिजे? सोसायटीचा माल घ्यावयाचा तर चिटणिसाकडून लेटरहेडवर दाखला मागावा: सूचनाफलकावर नोटीस लावून मालकांस मुदत दिली होती, आणि मुदतीनंतर अमुक इतक्या सायकली अमुक किमतीस दिल्या. भंगारवाल्याकडून घेताना त्याच्याकडे असा दाखला आहे काय हे विचारावे, आणि तो हसला तर दुसरीकडे जावे. फ्रेमीचा क्रमांक बी.बी.च्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. तो खरवडून काढलेला दिसला की तेथेच व्यवहार संपला असे समजावे.

गिऱ्हाइकाशीही हाच चोखपणा असावा. जुना हब घातला असेल तर बिलात ‘जुना, तपासलेला’ असे स्पष्ट लिहावे व किंमत त्या मानाने लावावी. कुरारच्या चाळीतून सकाळी पाव घेऊन निघणाऱ्या माणसास जुन्या हबाचे काही वावडे नाही, पण नव्याचे पैसे घेऊन जुना घातल्याचे कळले तर तो पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढणार नाही. वाचकांस आमची एवढीच विनंती, की या महिन्यापासून दुकानात एक स्वतंत्र वही ठेवावी, आणि तीत प्रत्येक जुन्या गाडीची तारीख, फ्रेमीचा क्रमांक, देणाऱ्याचे नाव, पत्ता व सही, दिलेली रक्कम आणि तिच्यातून निघालेले भाग यांची नोंद गाडी खोलण्यापूर्वी करण्यास आरंभ करावा. निघालेल्या भागांचा रकाना अर्थातच मागाहून भरावा.