घाट चढला की वादळ मरते काय?

१/ ‘चक्रीवादळ म्हणजे कोकणाचे दुखणे, देशावर त्याचे काय?’ हा समज इतिहासप्रेमी मंडळींतही असा रुजला आहे, की महाराष्ट्रातील वादळांच्या याद्या किनाऱ्यावरच संपतात. हा धागा त्या समजाविरुद्ध आहे. साक्षीला सिन्नर : समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर, सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेतला तालुका.

२/ आधी घटनाक्रम. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाले. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळाले. ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस, ताशी ११० ते १२० किमी वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बहुतेकांच्या लेखी इतिहास इथे संपतो.

३/ वादळ मात्र संपले नव्हते. दुर्बळ होत ते ईशान्येकडे, पुणे आणि उत्तर महाराष्ट्राच्या दिशेने सरकले. त्या रात्री नाशिक जिल्ह्यात झाडे उन्मळली, पत्रे उडाले, वीज गेली. जूनच्या आरंभी उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो. चाळीचा पत्रा गेला की कांदा भिजतो, आणि भिजलेला कांदा टिकत नाही. एका रात्रीत वर्षाची बेगमी जाते ती अशी.

४/ मग हे विस्मरणात का गेले? एक कारण महामारीचे : तेव्हा टाळेबंदी नुकतीच सैल होत होती आणि बातम्यांत दुसरे काही मावत नव्हते. पण मुख्य कारण नावाचे आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत वारा ताशी ६२ किमीपर्यंत पोहोचला की वादळाला नाव मिळते. ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन. घाटमाथ्यापलीकडे वादळ या खालच्या पायऱ्यांवर उतरते, आणि आपण मानतो की ते नाहीसेच झाले.

५/ शास्त्राने ही चूक केलेली नाही. हवामान खात्याच्या चक्रीवादळ-इशाऱ्याचे चार टप्पे आहेत. त्यातला चौथा टप्पाच मुळी किनारा ओलांडल्यानंतर वादळ कुठे जाईल आणि आतल्या भागात काय घडेल, हे सांगण्यासाठी आहे. वैज्ञानिक वादळाच्या मागोमाग घाट चढतो. इतिहासकार मात्र बंदरावरूनच परततो!

६/ आक्षेप येईल : ‘रायगडची हानी कितीतरी मोठी होती.’ निःसंशय होती. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. परंतु पत्र्याच्या हलक्या शेडला ती चौथाईही पुरते. आणि इतिहास ही दुःखांची स्पर्धा नव्हे. मोठ्या हानीची नोंद झाली म्हणून लहान हानी घडलीच नाही, असे ठरत नाही.

७/ आता आपली लाज वाटावी अशी गोष्ट. ‘६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली’ हे वाक्य तुम्ही वाचले असेल. कदाचित पुढेही पाठवले असेल. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस मेला, असे म्हणावे लागेल. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा कार्यरत होती, शहरात वृत्तपत्रे होती. ॲडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाअंती म्हटले : असे वादळ झाल्याचे दिसत नाही. मात्र १८५४ च्या नोव्हेंबरातले मुंबईचे खरे वादळ कितीजणांना ठाऊक आहे?

८/ न झालेले वादळ आपण शंभरदा सांगतो. डोळ्यांदेखत डोक्यावरून गेलेले एकदाही लिहून ठेवत नाही. अमेरिकेचा वायव्य किनारा पाहा. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी तिथे धडकलेले वादळ म्हणजे ‘फ्रेडा’ या टायफूनचे अवशेष होते. उष्ण कटिबंधातले त्याचे रूप संपले होते, जुने नाव सुटले होते. तिथल्या लोकांनी त्याला नवे नाव दिले, ‘कोलंबस डे स्टॉर्म’, आणि आजही ते त्या प्रदेशाच्या स्मृतीत आहे. त्याची घडण वेगळी होती : समशीतोष्ण प्रदेशात असे अवशेष पुन्हा बळ धरू शकतात, आपल्याकडे जमिनीवर ते विरत जातात. पण नोंद ठेवण्याची वृत्ती तर उसनी घेता येते!

९/ सिन्नरकरांनी गोंदेश्वराच्या रूपाने यादवकाळाचे दगड जपले. त्याच गावात २०२० ची एक रात्र कागदावरही राहू नये? म्हणून, मित्रहो, एवढे करा. घरातल्या मोठ्यांना विचारा : वारा कोणत्या दिशेने आला, किती वाजता, काय उडाले. फोनमधली तेव्हाची छायाचित्रे तारखेसह जपा. पंचनाम्याची प्रत असेल तर तीही. उद्या पुन्हा इशारा येईल, तेव्हा ‘आपल्याकडे कुठे येते वादळ?’ असे म्हणणाऱ्याला हेच कागद उत्तर देतील; आणि त्या उत्तरावर कुणाची चाळ, कुणाचा जीव वाचू शकेल.